पहिल्या पुस्तकातला होम्स, शेवटच्या पुस्तकातला होम्स

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील तिसऱ्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानमालेत याआधी मधुमेहावर आणि पावसाचं पाणी साठवण्यावर अशी दोन अत्यंत उपयुक्त भाषणं झाली. त्यामानाने माझा विषय अगदीच बिनउपयोगाचा वाटेल. शेरलॉक होम्स नावाचा एक माणूस, जो प्रत्यक्षात कधी जन्मालाच आला नाही, तो पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत एकच माणूस राहतो का, की लेखकाने त्याला सोयीप्रमाणे वळवला, यावर मी बोलणार आहे. विषय बिनउपयोगाचा नाही, असं मला का वाटतं, ते ओघात येईलच.

होम्स आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कुणी तो भालबा केळकरांच्या मराठीतून वाचला, कुणी इंग्रजीतून, कुणी टीव्हीवर पाहिला. तरी ज्यांना त्याचा फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी चार तारखा सांगतो. सर आर्थर कॉनन डॉयल हे पेशाने डॉक्टर. होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ साली आली. १८९१ पासून 'स्ट्रँड' मासिकात त्याच्या लघुकथा येऊ लागल्या आणि होम्स घराघरांत पोहोचला. १८९३ मध्ये डॉयलसाहेबांनी कंटाळून त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात ढकलून दिलं. वाचकांना ते मानवलं नाही. १९०१ मध्ये 'बास्करव्हिल्स'ची कादंबरी आली, पण ती होम्सच्या मृत्यूच्या आधीची हकिकत म्हणून. अखेर १९०३ मध्ये तो मेलाच नव्हता असं सांगून त्याला परत आणावं लागलं. शेवटची कथा १९२७ ची. म्हणजे चाळीस वर्षं, चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा.

आपल्या संस्थेला यंदा पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांत आपल्यातलं कोण जसंच्या तसं राहिलं, ते ज्याने त्याने आपापल्या मनात बघावं. होम्सला तर चाळीस वर्षं मिळाली.

विसरलेल्या गोष्टी

सुरुवात सोप्या भागापासून करू. होम्सकथांमध्ये चुका आहेत आणि भरपूर आहेत. होम्सचा मित्र आणि कथा सांगणारा डॉक्टर वॉटसन अफगाण युद्धात जखमी होऊन आला. पहिल्या कादंबरीत त्याला गोळी खांद्याला लागलेली आहे. दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायाला आहे. पुढे एका कथेत नुसतं 'एका अवयवात' असं मोघम लिहून लेखकाने सुटका करून घेतली! वॉटसनचं नाव जॉन. पण 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप'मध्ये त्याची सख्खी बायको त्याला जेम्स म्हणते. होम्सचा कट्टर शत्रू प्रोफेसर मोरियार्टी. १८९३ च्या कथेत वॉटसनने त्याचं नावही ऐकलेलं नाही. पुढे १९१४ साली सुरू झालेल्या 'द व्हॅली ऑफ फिअर'मध्ये, आणि ती हकिकत तर त्याआधीच्या काळातली आहे, वॉटसनला मोरियार्टी व्यवस्थित माहीत आहे.

या चुकांचं पुढे एक शास्त्रच झालं. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुण इंग्रज विद्वानाने ऑक्सफर्डमध्ये होम्सकथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांची चिकित्सा जशी करतात तशी त्याने या कथांची केली, ती थट्टा म्हणून. लोकांना ती थट्टा इतकी आवडली, की होम्स आणि वॉटसन खरेच होऊन गेले असं धरून प्रत्येक विसंगतीचा खुलासा शोधायचा, हा एक खेळच सुरू झाला. जखमा दोन होत्या, वगैरे वगैरे. गंमत म्हणून उत्तम आहे. पण माझ्या मते या सगळ्याचं उत्तर एका वाक्यात आहे: डॉयल मासिकासाठी भराभर लिहीत होते, आणि मागचा अंक काढून बघत बसणाऱ्यातले ते नव्हते. तेव्हाच्या वाचकासमोरही साठ कथांचा जाडजूड ठोकळा नव्हता. महिन्यातून एक कथा यायची, चहाबरोबर वाचून व्हायची.

पण या चुकांचा स्वभावचित्रणाशी फारसा संबंध नाही. आपल्या सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तात एखाद्या सभासदाचं नाव चुकीचं पडलं, म्हणून तो सभासद दुसराच माणूस होत नाही. कारकुनी चूक वेगळी आणि माणूस बदलणं वेगळं. खरा प्रश्न पुढे आहे.

आगीत टाकलेली यादी

'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये होम्स आणि वॉटसन यांची नुकतीच ओळख झालेली आहे. एकट्याला भाडं परवडत नाही म्हणून दोघं बेकर स्ट्रीटवर जागा वाटून घेतात. आता रूम-पार्टनर नवा असला की माणूस त्याचं निरीक्षण करतोच. वॉटसनने तर चक्क बारा मुद्द्यांची यादी केली. साहित्याचं ज्ञान: शून्य. तत्त्वज्ञान: शून्य. खगोलशास्त्र: शून्य. राजकारण: जेमतेम. रसायनशास्त्र: सखोल. गुन्ह्यांचा इतिहास: अफाट. व्हायोलिन चांगलं वाजवतो, मुष्टियुद्ध आणि तलवारबाजीत तरबेज, वगैरे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे होम्सला ठाऊक नाही, हे कळल्यावर वॉटसन थक्कच होतो. त्यावर होम्सचं म्हणणं असं, की डोकं हे घरातल्या माळ्यासारखं आहे, नको ते सामान भरलं तर कामाची वस्तू सापडत नाही.

ही यादी इतकी गाजली, की होम्स म्हटलं की अनेकांना तीच आठवते. पण पुढच्या कथा वाचा. दुसऱ्याच कादंबरीत, म्हणजे १८९० साली, हाच साहित्यशून्य माणूस कार्लाइलबद्दल जाणकारासारखा बोलतो; पहिल्या कादंबरीत त्याने हा कार्लाइल कोण, असं विचारलं होतं. एका जेवणावळीत तो मध्ययुगीन नाटकं, जुनी मातीची भांडी, श्रीलंकेतला बौद्ध धर्म आणि उद्याच्या युद्धनौका अशा विषयांवर गप्पा मारतो. पुढे तो खिशात पेट्रार्कचं पुस्तक घेऊन रेल्वेत बसतो, हाफिज आणि होरेस यांची नावं घेतो, जुन्या चर्चसंगीतावर प्रबंध लिहितो. खगोलशास्त्र शून्य असलेला माणूस 'द ग्रीक इंटरप्रिटर'मध्ये पृथ्वीच्या भ्रमणकक्षेच्या तिरपेपणात पडणाऱ्या फरकाची चर्चा करतो!

मग स्वभावचित्रण बिघडलं का? सरळ उत्तर असं, की डॉयलनी बेत बदलला. एका कादंबरीपुरता एककल्ली, तऱ्हेवाईक माणूस चालतो. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं काढायची म्हटली, तर त्याच्याकडे गप्पा मारण्यासारखं काहीतरी असावं लागतं.

पण कथेच्या आतूनही एक उत्तर मिळतं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती यादी होम्सबद्दलचं सत्य नाहीच. नुकत्याच ओळख झालेल्या माणसाने केलेला तो अंदाज आहे. आणि सगळे एक गोष्ट विसरतात: यादी लिहून झाल्यावर वॉटसनने स्वतःच ती वैतागून आगीत टाकून दिली! यादीवरून माणूस कळत नाही, हे त्याला तिथेच उमगलं होतं. आपण वाचकांनी मात्र ती शेगडीतून बाहेर काढली आणि गेली सव्वाशे वर्षं जपून ठेवली. खुद्द होम्सही तिची आठवण काढून वॉटसनची फिरकी घेतो, १८९१ च्या 'द फाइव्ह ऑरेंज पिप्स'मध्ये. तेव्हा तो राजकारणालाही शून्य दिलं होतं असं म्हणतो. प्रत्यक्षात ते 'जेमतेम' होतं. हे कारकुनी चुकांच्या खात्यात टाकू.

बोलणं आणि वागणं

होम्सबद्दल दुसरी प्रसिद्ध समजूत म्हणजे तो निव्वळ विचार करणारं यंत्र आहे, भावना वगैरे त्याला नाहीत. हे वॉटसन सांगतो, होम्स स्वतःही सांगतो. १८९१ च्या 'अ स्कँडल इन बोहेमिया'ची सुरुवातच या सुरात आहे.

आता त्यानंतर वर्षभराच्या आत आलेली 'द स्पेकल्ड बँड' उघडा. भल्या पहाटे एक तरुणी थरथरत होम्सकडे येते. तो तिला आधी शेकोटीजवळ बसवतो, गरम कॉफी मागवतो. बोलता बोलता तिच्या मनगटावरचे बोटांचे वळ त्याला दिसतात, आणि ती सावत्र बापाला पाठीशी घालत असली तरी त्याला समजतं की घरात हिचा छळ होतो आहे. फीचा विषय निघतो तेव्हा तो सांगतो, की झालेला खर्च तेवढा सवडीने द्या. हे यंत्राचं वागणं आहे का?

त्याच सुमाराची 'द ब्लू कार्बंकल' घ्या. नाताळचे दिवस आहेत. रत्नाचा चोर होम्सच्या खोलीत रडत पाय धरतो. होम्स त्याला दार उघडून हाकलून देतो. पोलिसांच्या उणिवा भरून काढायला मी बांधील नाही, आणि या भेदरलेल्या माणसाला तुरुंगात टाकलं तर तो कायमचा गुन्हेगार होईल, असा त्याचा हिशेब. बारा वर्षांनी १९०४ साली 'द ॲबी ग्रेंज' आली. तिथे एका छळलेल्या स्त्रीला वाचवताना नवऱ्याला ठार मारणाऱ्या खलाशाला होम्स तसाच सोडून देतो. वॉटसनला ज्युरी बनवतो आणि स्वतः न्यायाधीश होतो. १९१० च्या 'द डेव्हिल्स फूट'मध्येही असंच काहीसं घडतं. लेखक जखमेची जागा विसरला, मित्राचं नाव विसरला, पण होम्सचा हा स्वभाव मात्र कधी विसरला नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: पात्राचं सातत्य तपासायचं असेल, तर ते स्वतःबद्दल काय बोलतं ते बाजूला ठेवा आणि ते काय करतं ते बघा. होम्सचं भावनाशून्य असणं हा त्याचा पवित्रा आहे. आपल्याकडे नाहीत का, वर्गणी मागायला गेलं की आधी पंधरा मिनिटं ओरडणारे आणि मग सगळ्यांत मोठी पावती फाडणारे?

पैशाचं खातं

मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे पैशाचा विषय आला की माझे कान टवकारतात. होम्स फी किती घेतो?

१९२२ च्या 'थॉर ब्रिज'मध्ये एका अब्जाधीशाला तो ठणकावून सांगतो, की माझे दर ठरलेले आहेत. मी ते कमी-जास्त करत नाही, फार तर पूर्ण माफ करतो. बाणेदार उत्तर. आता मागची पानं उलटा. बोहेमियाचा राजा त्याच्या टेबलावर सोनं आणि नोटा मिळून एक हजार पौंड ठेवतो, तेव्हा तो दराबद्दल काही बोलत नाही. काम झाल्यावर राजाची अंगठी नाकारतो, राजाने पुढे केलेल्या हाताकडे लक्षही देत नाही. पण पुढच्या एका कथेत त्याच राजाने भेट दिलेली सोन्याची तपकिरीची डबी त्याच्याकडे आहेच. आणि १९०४ च्या 'द प्रायरी स्कूल'मध्ये तर तो एका ड्यूककडून सहा हजार पौंडांचा चेक मागून घेतो, मी गरीब माणूस आहे म्हणतो, आणि चेक थोपटून खिशात ठेवतो!

मी तेव्हा शाखेत असतो तर या खात्याकडे जरा निरखून पाहिलं असतं.

पण नोंदी शेजारी शेजारी लिहा म्हणजे मेळ लागतो. घाबरलेली गरीब मुलगी: खर्च सवडीने द्या. गर्विष्ठ राजा: पैसे घेतले, हात नाही घेतला. ड्यूकने तर स्वतःच्या लहान मुलाला संकटात राहू दिलेलं असतं. होम्स त्याच्या वाड्यात, त्याच्या नोकरांना हुकूम सोडून, त्याला खडसावतो. माझ्या वाचनाप्रमाणे तो चेक म्हणजे फी कमी आणि दंड जास्त. दर बदलतो, पण दुबळ्याकडून ओरबाडायचं नाही आणि बड्याला झुकायचं नाही, हे बदलत नाही.

बँकेतलंच आणखी एक सांगतो. चेकवरची सही आम्ही स्पेसिमेन कार्डावरच्या सहीशी ताडून बघायचो. लोकांना वाटतं, सही तंतोतंत जुळली की खरी. उलट आहे! कुठल्याही माणसाच्या दोन सह्या शंभर टक्के सारख्या येत नाहीत. कधी घाई असते, कधी हात थरथरतो, कधी पेन वेगळं असतं. दोन सह्या एकावर एक ठेवल्या आणि रेघ न् रेघ जुळली, तर बहुधा कुणीतरी खालून गिरवलेली असते. आम्ही बघायचो ते वळण: अक्षराची सुरुवात कुठून होते, हात कुठे उचलला जातो, शेवटचा फराटा कुठे वळतो. वय झालं की सही थरथरते, पण वळण टिकतं.

पात्राचं तसंच आहे. दरवेळी अगदी तसंच वागणारं पात्र गिरवलेलं असतं. त्यातही मजा असते बरं का. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हातात घेताना आपल्याला तेच हवं असायचं. पण बंगालीतला ब्योमकेश बक्षी बघा. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी त्याचं लग्न लावून दिलं, त्याला संसारी केला, आणि तरीही तो सत्य शोधणारा ब्योमकेशच राहिला. सही बदलली, वळण राहिलं.

खरा बदल

होम्समध्येही खरे बदल आहेत आणि ते चांगले लिहिलेले आहेत. 'द साइन ऑफ फोर'मध्ये काम नसलं की तो कोकेनचं इंजेक्शन घेतो. पुढे १९०४ मधल्या 'द मिसिंग थ्री-क्वार्टर'मध्ये वॉटसन सांगतो, की मी त्याची ही सवय हळूहळू सोडवली. पण ती मेलेली नाही, नुसती झोपली आहे, याची त्या डॉक्टरला पुरती जाणीव आहे. ज्यांच्या घरात कुणाचं व्यसन सुटलेलं आहे, त्यांना या तपशिलाची किंमत मी सांगायला नको.

दुसरा बदल वॉटसनच्या बाबतीतला. पहिल्या पुस्तकात तो निम्मं भाडं देणारा सोबती. १९२४ साली आलेल्या 'द थ्री गॅरिडेब्स'मध्ये एक बदमाश गोळी झाडतो आणि ती वॉटसनच्या मांडीला लागते. होम्स त्या माणसाच्या डोक्यात पिस्तूल हाणतो, वॉटसनला सावरून खुर्चीवर बसवतो. त्याचे डोळे भरून आलेत, ओठ थरथरताहेत. जखम वरवरची निघते. मग तो त्या बदमाशाकडे वळून सांगतो, की वॉटसन मेला असता तर तू इथून जिवंत गेला नसतास. इतकी वर्षं शेजारी काढल्यावर आपली किंमत त्या एका क्षणात वॉटसनला कळते. १८८७ च्या होम्सला हे जमलं नसतं. पण हा दुसरा माणूस आहे असंही वाटत नाही. मधली सगळी वर्षं आपणही पाहिलेली असतात.

तडा

आता अवघड भागाकडे येतो. खरं तर हा विषय मी त्यासाठीच निवडला.

आपल्या वाचनालयात होम्सचा पूर्ण इंग्रजी संच आहे. आठवीतल्या एका मुलीने तो उन्हाळ्याच्या सुट्टीत संपवला आणि मला विचारलं, "काका, 'थ्री गेबल्स'मधला होम्स आधीचाच आहे का?" प्रश्न अचूक होता.

१८९३ ची एक कथा आहे, 'द यलो फेस'. एका स्त्रीचा पहिला नवरा अमेरिकेतला कृष्णवर्णीय वकील होता. तो वारला. त्यांची लहान मुलगी वडिलांच्या वर्णाची आहे, म्हणून ती स्त्री दुसऱ्या नवऱ्यापासून तिला लपवून ठेवते, अगदी चेहऱ्यावर मुखवटा घालून. होम्सचा तर्क या प्रकरणात साफ चुकतो. मुखवटा निघतो आणि सत्य समोर येतं. नवरा थोडा वेळ गप्प उभा राहतो. मग त्या मुलीला उचलतो, तिचा पापा घेतो आणि दुसरा हात बायकोपुढे धरतो. होम्स वॉटसनला खूण करून तिथून निघून येतो. वर सांगतो, की यापुढे मला गर्व झाला तर कानात या गावाचं नाव सांग, नॉरबरी. त्या काळातल्या इंग्रजी लोकप्रिय कथेच्या मानाने हे फार मोठं मन आहे.

आणि १९२६ ची 'द थ्री गेबल्स'. एक कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा धमकी द्यायला होम्सच्या घरात घुसतो. होम्स त्याच्या अंगाच्या वासावरून आणि ओठांवरून त्याला टोमणे मारतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मुष्टियोद्धा गुंड आहे, हे खरं. पण होम्सने याआधी कितीतरी गुंडांना गप्प केलेलं आहे आणि त्यासाठी त्याला कुणाच्या कातडीचा आधार लागला नव्हता.

यावर चाहत्यांकडे तयार उत्तरं आहेत. काहींना तर ही कथा डॉयलची नसावीच असं वाटतं. काही म्हणतात, लेखक थकला होता. डॉयलनी स्वतःच एक किस्सा सांगितला आहे: कॉर्नवॉलचा एक नावाडी त्यांना म्हणाला, की धबधब्यात पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. हा नावाडी मला फार आवडतो. पण त्याचं उत्तर इथे पुरत नाही. कारण १८९० च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये, धबधब्याच्या तीन वर्षं आधी, अंदमानातल्या आदिवासीचं जे वर्णन आहे ते माणसाचं नाही, पशूचं आहे. तिथे होम्स एका ग्रंथातून अंदमानी लोकांबद्दल जे वाचून दाखवतो, नरभक्षक वगैरे, ते धादांत खोटं आहे. अंदमान आपल्याच देशातलं, तेव्हा हे आपल्याला जास्त बोचायला हवं. म्हणजे हा डाग म्हातारपणी पडला असं नाही. तो सुरुवातीपासून लेखकाच्या काळात होता, लेखकात होता. 'यलो फेस' लिहिताना डॉयल त्याच्या वर उठले आणि 'थ्री गेबल्स'मध्ये पुन्हा खाली आले.

त्या मुलीला मी सांगितलं ते असं. विसर पडला असेल तर हसून सोडून द्यायचं. पवित्रा असेल तर त्याच्या आत बघायचं. खरा बदल असेल तर त्याचा आनंद किंवा दुःख मानायचं. पण तडा असेल, तर तो पुटी भरून रंगवायचा नाही. हा होम्स आधीचा वाटत नाही, हे तुझं बरोबर आहे. आणि आधीचा होम्सच ते तुला सांगतो आहे. 'यलो फेस' वाचली नसतीस, तर 'थ्री गेबल्स' इतकी खटकली नसती.

त्यानंतर एका पालकांनी अशी सूचना केली, की संचाचा शेवटचा खंड मुलांच्या कपाटातून काढून टाकावा. सूचना चांगल्या हेतूची आहे आणि वाचनालय उपसमितीपुढे ती आलेली आहे. माझं मत मी या व्यासपीठावरून नम्रपणे मांडतो. खंड काढू नये. त्यातच 'थ्री गॅरिडेब्स' आहे, तीही जाईल. शिवाय रंगावरून आणि दिसण्यावरून मारलेले टोमणे मुलं शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातूनच ऐकतात असं नाही. आपल्या पार्किंगमध्ये, क्रिकेट चालू असताना, ते मी खिडकीतून ऐकले आहेत. तिथे आपण कपाटाला कुलूप लावू शकत नाही. आवडत्या माणसाच्या तोंडूनही असं बोलणं आलं की ते ओळखता यावं, आणि त्याला नाही म्हणता यावं, ही सवय पुस्तकातून लागत असेल तर ती लागू द्यावी. मी एवढंच सुचवतो, की 'यलो फेस' आणि 'थ्री गेबल्स' या दोन कथा मुलांनी एकामागून एक वाचाव्यात, आणि मोठ्यांपैकी कुणीतरी सोबत बसावं. रविवारी सकाळी अकरा ते साडेबारा मी वाचनालयात असतोच.

तेव्हा मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: होम्स एकसारखा राहत नाही, पण बहुतेक वेळा तो तोच राहतो. बारीक गोष्ट आधी बघायची आणि मत नंतर बनवायचं. कायद्याच्या पुस्तकापेक्षा समोरच्या माणसाकडे बघून न्याय करायचा. आणि वॉटसनशिवाय करमत नाही हे कबूल करायला चाळीस वर्षं लावायची. हे त्याच्या सहीचं वळण. जिथे ते मोडतं तिथे सही खोटी आहे असं म्हणून चेक परत पाठवता येत नाही; लिहिणारा हात तोच आहे. पण शेरा मारता येतो, आणि वाचकाने तो मारावा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी 'ब्लू कार्बंकल'पासून करावी. चाळीसेक मिनिटांत वाचून होते. पुस्तक न्यायचं असेल तर रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर लिहायला विसरू नये, आणि कृपया पंधरा दिवसांत परत करावं.